ॲड्रेस बुक बदलताना संपर्क नेमके कुठे गळतात?

मेलचा प्रोग्राम बदलला, खात्याचं नाव आणि पासवर्ड टाकला, की थोड्याच वेळात जुने-नवे सगळे मेल समोर येतात. मग नवा मेल लिहायला घ्यावा, नावाची पहिली दोन अक्षरं टाकावीत, तर कोणाचंच नाव येत नाही. याचं कारण साधं आहे. मेल आणण्यासाठी बहुतेक ठिकाणी जी व्यवस्था वापरतात, ती आयमॅप, तिचं काम मेलपुरतंच आहे. ॲड्रेस बुक तिच्या कक्षेत येतच नाही. मेल सर्व्हरवर असतात म्हणून कुठूनही दिसतात. संपर्क मात्र अनेकदा जुन्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलमध्ये, त्याच कॉम्प्युटरवर पडून असतात. ते आपणच उचलून आणावे लागतात.

वरवर पाहता हे दोन बटणांचं काम. जुन्या प्रोग्राममध्ये ‘एक्स्पोर्ट’, नव्यात ‘इम्पोर्ट’. शेवटी ‘सर्व संपर्क यशस्वीरीत्या आले’ असा संदेशही झळकतो. या संदेशावर विसंबू नका, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे. तो नावं मोजतो, नावांखालची माहिती मोजत नाही. पाचशे निघाली, पाचशे पोचली, एवढंच त्याला ठाऊक. त्यांतल्या किती जणांचा दुसरा ईमेल वाटेत गळला, कुणाचं आडनाव पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसलं, कुठली टीप अर्ध्यावर तुटली, यातलं काहीच तो सांगत नाही. हे आपल्या लक्षात येतं तेव्हा जुना प्रोग्राम काढून टाकलेला असतो आणि परतीची वाट उरलेली नसते. ‘संध्याकाळी सहानंतरच फोन करावा’, ‘मुलीचं नाव विचारून घेतलं आहे, विसरू नये’ अशा टिपा वर्षानुवर्षं जमलेल्या असतात. त्या पुन्हा कुठून मिळत नाहीत.

प्रत्येकाचे रकाने वेगळे

संपर्क गळतात याचं मूळ असं आहे की ‘एक संपर्क’ म्हणजे काय, हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो. आउटलुकमध्ये एका माणसासाठी ईमेलच्या जागा तीन. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दोनच, एक मुख्य आणि एक जादा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये हवे तेवढे ईमेल घालता येतात. आता गूगलमध्ये एखाद्याचे चार पत्ते नोंदवलेले असले आणि ते आउटलुकमध्ये न्यायचे असले, तर चौथ्याला तिथे जागाच नाही. प्रोग्राम तक्रार करत नाही, चौथा पत्ता मुकाट्याने सोडून देतो.

नावाचंही तसंच. काही प्रोग्राम नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन वेगळे रकाने ठेवतात. काहींमध्ये ‘दाखवायचं नाव’ असा एकच सलग रकाना असतो आणि त्याचे तुकडे करायची वेळ आली की प्रोग्राम अंदाज बांधतो. शेवटचा शब्द आडनाव, हा त्याचा सर्वसाधारण अंदाज. आडनाव आधी लिहायची सवय असलेल्याच्या यादीत मग सगळी नावं उलटी होतात. नुसती संस्थेची नोंद असेल, तर संस्थेच्या नावाचा शेवटचा शब्द आडनाव ठरतो.

म्हणजे एक्स्पोर्ट-इम्पोर्ट हे खरं तर रकान्याला रकाना जुळवण्याचं काम आहे. ते कशाच्या आधारे होतं, हे तुम्ही निवडलेल्या फाइलच्या प्रकारावर अवलंबून असतं. प्रकार मुख्यतः तीन.

सीएसव्ही: सोपं, पण बेभरवशाचं

सीएसव्ही म्हणजे साधा तक्ता. एका ओळीत एक माणूस, रकान्यांमध्ये स्वल्पविराम, आणि सर्वांत वरच्या ओळीत रकान्यांची नावं. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येतो, म्हणून तो सगळीकडे चालतो. पण चालतो म्हणजे जुळतोच असं नाही. या प्रकारासाठी आरएफसी ४१८० नावाचा दस्तऐवज २००५ साली आला, तोवर प्रत्येकाने आपापली पद्धत पाडून घेतली होती. शिवाय रकान्यांची नावं काय असावीत, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आउटलुक एका नावाने ईमेलचा रकाना लिहितो, गूगल दुसऱ्या. म्हणूनच गूगल कॉन्टॅक्ट्समधून एक्स्पोर्ट करताना ‘गूगल सीएसव्ही’ आणि ‘आउटलुक सीएसव्ही’ असे दोन वेगळे पर्याय दिसतात. फाइल कुठे न्यायची आहे ते पाहून निवड करायची. चुकीचा पर्याय निवडला की निम्मे रकाने ओळखलेच जात नाहीत.

दुसरी अडचण स्वल्पविरामाचीच. पोस्टाच्या पत्त्यात स्वल्पविराम असतोच. तो रकाना तोडणारा नव्हे हे कळावं म्हणून सगळा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा असतो, आणि पत्त्याच्या आतच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं असतं. यातलं एक जरी चिन्ह निसटलं, तर त्या ओळीतले पुढचे सगळे रकाने एकेक घर पुढे सरकतात. शहराच्या जागी रस्ता, पिनकोडच्या जागी शहर, फोनच्या जागी पिनकोड. यादीतल्या एखाद्याच माणसाची माहिती अशी सरकलेली दिसली, तर त्याच्या पत्त्यात किंवा टिपेत अवतरणचिन्ह शोधा. बहुधा तिथेच सापडेल. आणि सगळीच माहिती पहिल्या रकान्यात कोंबलेली दिसली, तर फाइलमध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम वापरलेला असण्याची शक्यता मोठी. ज्या देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात, तिथल्या सेटिंगमध्ये तक्त्यांचे प्रोग्राम असंच करतात.

सीएसव्हीमध्ये फोटो जात नाहीत. गट जातात की नाही, ते दोन्ही बाजूंच्या प्रोग्रामवर.

एक्सेलमध्ये डबल-क्लिक करू नका

यासाठी वेगळा मथळा दिला, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि तेही नीटनेटकं काम करायला बसलेल्या माणसाकडून. एक्स्पोर्ट केलेली फाइल आपण डबल-क्लिक करतो, ती एक्सेलमध्ये उघडते, आपण दोन-चार नावं दुरुस्त करतो आणि सेव्ह करतो. तेवढ्यात फोन नंबरांची वाट लागलेली असते.

एक्सेलच्या लेखी अंक दिसले की ती संख्या. संख्येच्या आधीचं शून्य निरर्थक, म्हणून ते उडतं. आकडा अकरा अंकांपेक्षा लांब झाला की तो वैज्ञानिक पद्धतीने दाखवला जातो. देशाचा कोड धरून बारा अंकी झालेला नंबर मग ‘दशांशात काहीतरी, ई, अधिक अकरा’ अशा रूपात दिसतो. दिसतो एवढ्यावर भागलं असतं. पण सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना एक्सेल पडद्यावर जे दिसतंय तेच फाइलमध्ये लिहितो. पहिले काही अंक उरतात, बाकीचे कायमचे जातात. फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी परत येत नाहीत.

उपाय आहे. फाइल थेट न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्यायचा, आणि फोनच्या रकान्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठरवायचा. तेवढी खटपट नको असेल, तर दुरुस्त्या जुन्या ॲड्रेस बुकमध्येच करून मग एक्स्पोर्ट करावं. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. मूळ फाइलची एक प्रत मात्र दोन्ही वेळा बाजूला हवी, जिला कोणत्याही प्रोग्रामचा हात लागलेला नाही.

मराठी नावांचं काय होतं

देवनागरी लिपीत नावं ठेवणाऱ्यांना एक गोष्ट हमखास भेटते: इम्पोर्टनंतर नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे वाचणाऱ्या प्रोग्रामने ओळखलं नाही आणि ती विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचात आहे असं धरलं, तर तो प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतो. एका ‘क’च्या जागी तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर, चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ आणि एक जाड ठिपका. ‘कमल’ हे तीन अक्षरी नाव नऊ चिन्हांचं होतं.

ही चिन्हं दिसली तर घाबरू नका, कारण मूळ फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. चूक वाचण्यात झालेली असते. आलेले संपर्क काढून टाका, इम्पोर्टच्या वेळी अक्षरसंच किंवा एन्कोडिंग विचारणारा पर्याय शोधा, तिथे यूटीएफ-८ निवडा आणि पुन्हा आणा. असा पर्याय नसेल तर व्हीकार्डकडे वळा, त्या प्रकाराबद्दल पुढे सांगते. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे फाइल लिहितानाच अक्षरं गेली आहेत, आणि पुन्हा एक्स्पोर्ट करण्यावाचून गत्यंतर नाही.

व्हीकार्ड: मुद्दाम संपर्कांसाठीच घडलेला

ॲपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ नावाच्या गटाने १९९५च्या सुमारास व्हीकार्डची कल्पना मांडली. आज ज्या तीन आवृत्त्या भेटतात त्या २.१, ३.० आणि ४.०. यांपैकी ३.० ही १९९८ साली आणि ४.० ही २०११ साली इंटरनेटच्या अधिकृत मानकांत आली. फाइलच्या नावाशेवटी व्हीसीएफ असतं.

सीएसव्हीपेक्षा याचा मोठा फायदा असा, की प्रत्येक माहितीपुढे ती कसली आहे हे ठरलेल्या शब्दात लिहिलेलं असतं. नावाची ओळ वेगळी आणि तिच्यात आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी असा पक्का क्रम. ईमेल कितीही असोत, प्रत्येकाला स्वतःची ओळ. तो घरचा की कामाचा, हेही त्याच ओळीत. फोटोसुद्धा फाइलच्या आतच अक्षरांच्या रूपात बसतो. त्यात तो मूळ आकाराच्या सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, म्हणून फोटोंसकटची फाइल अचानक मोठी दिसते.

पण आवृत्ती पाहून घ्या. २.१ मध्ये देवनागरी नाव सरळ न लिहिता प्रत्येक बाइट बरोबरच्या चिन्हामागे दोन खुणांनी लिहायची रीत आहे. ती न कळणारा प्रोग्राम नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांची रांगच्या रांग दाखवतो. ४.० सर्वांत सुबक आहे, पण सगळे प्रोग्राम ती धड वाचत नाहीत. निवडीचा प्रश्न आला की मी ३.० घेते, ती जवळपास सगळीकडे चालते.

ज्या माहितीसाठी मानकात जागा नाही, ती प्रोग्राम आपल्या खास ओळींमध्ये लिहितात. दुसऱ्याला त्या ओळी परक्या, तो त्या वगळतो. याचं एक ठळक उदाहरण वाढदिवसाचं. ॲपलच्या संपर्कांमध्ये वर्ष न देता नुसती तारीख आणि महिना नोंदवता येतो. पण ३.० मध्ये तारखेला वर्ष लागतंच. म्हणून ॲपल १६०४ हे वर्ष भरतो आणि शेजारी खास खूण करतो, की हे वर्ष दाखवू नये. ती खूण न समजणाऱ्या प्रोग्राममध्ये तुमचे मित्र १६०४ साली जन्मलेले निघतात. सीएसव्हीमध्ये तारखेचा घोळ आणखी वेगळा: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे वाचणाऱ्याच्या सेटिंगवर ठरतं. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचे वाढदिवस बिनबोभाट उलटतात, पुढचे तेवढे उलटू शकत नाहीत. त्यामुळे ही चूक निम्मीशिम्मीच दिसते आणि पकडायला अवघड जाते.

आउटलुकच्या विंडोजवरच्या जुन्या रूपाची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच व्हीसीएफ फाइलमध्ये शेकडो संपर्क असले, तरी तो त्यांतला पहिलाच घेतो. गूगल किंवा ॲपलमधून आउटलुकमध्ये जाताना म्हणूनच सीएसव्हीचा मार्ग घ्यावा लागतो. ॲपलची ऑनलाइन सेवा आयक्लाउड व्हीकार्डच देते. मग ती फाइल आधी गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये नेऊन तिथून ‘आउटलुक सीएसव्ही’ काढणं हा बऱ्यापैकी चालणारा वळसा आहे.

एलडीआयएफबद्दल थोडक्यात. संस्थांच्या मोठ्या निर्देशिकांसाठी ही रचना आहे, आणि थंडरबर्डमध्ये ती पूर्वीपासून चालत आली आहे. थंडरबर्डमधून थंडरबर्डमध्येच जायचं असेल तर उत्तम. या फाइलमध्ये मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांचा अनाकलनीय गोंधळ आणि त्याआधी दोन विसर्गचिन्हांसारखे कोलन दिसले, तर ते बिघाडाचं लक्षण नव्हे. इंग्रजी नसलेला मजकूर तिथे तसाच सांकेतिक रूपात लिहितात आणि इम्पोर्ट करताना तो पूर्ववत होतो.

जे ॲड्रेस बुकमध्ये कधी नव्हतंच

सगळं व्यवस्थित हलवूनही ‘अमक्याचा पत्ता गेला’ असं वाटतं, तेव्हा अनेकदा तो ॲड्रेस बुकात नसतोच. टाइप करताना खाली सुचवले जाणारे पत्ते वेगळ्याच यादीतून येतात. आउटलुक ही यादी संपर्कांपासून अलग ठेवतो. गूगलमध्ये तुम्ही ज्यांना मेल केलेत पण मुद्दाम जतन केलं नाहीत, असे लोक ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या वेगळ्या विभागात असतात. हलवण्याआधी तो विभाग शांतपणे वाचावा आणि हवी ती माणसं खऱ्या संपर्कांत घ्यावीत. वर्षातून एकदाच ज्यांच्याशी पत्रव्यवहार होतो, ती माणसं बहुधा इथेच असतात, आणि ती गेल्याचं वर्षभराने कळतं.

गटांचंही आधी बघा. व्हीकार्ड ३.० मध्ये गटासाठी स्वतंत्र जागा नाही, ती ४.० मध्ये आली. त्यामुळे गट दुसऱ्या बाजूला पोचतील असं धरून चालू नये. गटांची नावं आणि त्यांतली माणसं कागदावर किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवली, तर नव्या जागी ते पुन्हा बांधायला फार वेळ लागत नाही.

प्रत्यक्ष हलवताना

आधी सिंक बंद करा. कार्डडॅव्ह या २०११ सालच्या मानकामुळे एकच ॲड्रेस बुक फोनवर, कॉम्प्युटरवर आणि वेबवर एकसारखं राहतं, ही मोठी सोय आहे. दोन्ही प्रोग्राम एकाच कार्डडॅव्ह खात्याला जोडता येत असतील, तर एक्स्पोर्ट-इम्पोर्टची गरजच नाही. तोच उत्तम मार्ग. पण फाइलने हलवायचं असेल तर सिंक चालू ठेवणं धोक्याचं, कारण एका ठिकाणी झालेली चूक किंवा खोडाखोड काही सेकंदांत सगळीकडे पोचते. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जुन्या ॲड्रेस बुकमध्ये एक बनावट संपर्क तयार करा आणि त्याच्यात सगळ्या अडचणी कोंबा. देवनागरीत जोडाक्षरं असलेलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चार ईमेल. एक फोन अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा, दुसरा शून्याने. दोन ओळींचा पत्ता, त्यात स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं. वर्ष नसलेला वाढदिवस, ३ एप्रिल. एक छोटा फोटो. अर्धविराम आणि नवी ओळ असलेली टीप. हा एकटा संपर्क एक्स्पोर्ट करून नव्या प्रोग्राममध्ये आणा आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहा. जे याच्या बाबतीत गळेल, तेच सगळ्यांच्या बाबतीत गळणार आहे. टिपेत उलट्या तिरक्या रेघा उगवल्या आहेत, चौथा ईमेल नाही, वाढदिवस ४ मार्च झाला आहे, हे पाच मिनिटांत कळतं. मग फाइलचा प्रकार बदलून पुन्हा बघता येतं. यादी मोठी असली तर ही पायरी चुकवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही इम्पोर्टच्या पडद्यांवर रकाने जुळवण्याची सोय असते: डावीकडे फाइलमधले, उजवीकडे प्रोग्राममधले. तिथे घाईने ‘पुढे’ दाबू नये. न जुळलेला रकाना नव्या प्रोग्राममध्ये कुठेच बसत नसेल, तर तो टिपांमध्ये वळवावा. माहिती बेशिस्त जागी राहिली तरी चालेल, राहिली पाहिजे.

इम्पोर्ट फसलं की लोक तसंच पुन्हा करतात, आणि प्रत्येक नाव दोनदा दिसायला लागतं. आधीची खेप पूर्ण काढून मगच दुसरी आणावी. गूगल प्रत्येक इम्पोर्टला तारखेचं लेबल लावतं, त्यामुळे ती खेप एकगठ्ठा निवडून पुसता येते. शिवाय गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाकडे सगळे संपर्क परत नेण्याचीही सोय तिथे आहे. दुहेरी नावं आपोआप एकत्र करणाऱ्या बटणाबाबत मी सावध आहे. एकाच ईमेलवर वडील आणि मुलगी अशा दोघांच्या नोंदी असतात, एकाच नावाची दोन माणसं असतात. यंत्र त्यांना एक करून टाकतं. ही कामं डोळ्यांखालूनच व्हावीत.

फाइलचं रूपांतर करून देणाऱ्या मोफत वेबसाइट खूप आहेत. तुमच्या यादीतले नंबर आणि पत्ते इतरांचे आहेत, त्यांनी ते विश्वासाने तुम्हाला दिले आहेत. ते अनोळखी सर्व्हरवर चढवू नयेत. रूपांतरासाठी स्वतःच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड घेतला तरी पुरतं. तो सीएसव्ही, व्हीकार्ड आणि एलडीआयएफ तिन्ही वाचतो आणि तिन्हींमध्ये लिहितो, आणि फाइल घराबाहेर जात नाही. थंडरबर्डच्याच जुन्या काळातली, एमएबी शेवट असलेली फाइल सापडली, तर ती तशीच न टाकता त्याच्या इम्पोर्टमध्ये देऊन पाहावी.

सगळं आणून झाल्यावर अक्षरक्रमाने पहिली काही नावं, शेवटची काही आणि मधली काही उघडून बघा; तुटलेली फाइल बहुधा मध्येच कुठेतरी तुटलेली असते आणि शेवटची नावं आलेलीच नसतात. जुना प्रोग्राम महिना-दोन महिने राहू द्या. त्या काळात कुणाचा तरी नंबर चुकीचा निघतोच, आणि तो तिथून मिळतो. मग डाउनलोड फोल्डरमधल्या सीएसव्ही आणि व्हीसीएफ फाइल पुसून टाका, कचरापेटीतूनही, कारण त्या कोणालाही पासवर्डशिवाय वाचता येतात. एकच प्रत ठेवायची तर व्हीकार्ड ३.० मध्ये, कुलूपबंद फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून.